अमेरिकेत दुकान टाकताय? हिस्पॅनिक गिऱ्हाईक आधी समजून घ्या

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक लोक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतलं मूळ असलेले) ६.२ कोटी भरले, जवळपास १९ टक्के, पण म्हणून सगळ्यांना एकाच मापात मोजायला जाऊ नका. आधी आपल्या एरियात नक्की कोण राहतं ते बघा, जनगणना खात्याच्या साइटवर हे आकडे फुकट मिळतात. सॅन अँटोनियोला मेक्सिकन जास्त, मायामीत क्युबन, न्यूयॉर्कात डॉमिनिकन आणि पोर्टोरिकन (हे पोर्टोरिकन, म्हणजे अमेरिकेच्याच ताब्यातल्या पोर्टोरिको बेटाचे लोक, १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत बरं का, त्यांना परदेशी समजून बोललात तर गिऱ्हाईक गेलंच).

मालही त्यावरच ठरतो. मेक्सिकन घरात मक्याचं पीठ, टोमॅटिलो (हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ), सुक्या मिरच्या लागतात, क्युबन घरात तांदूळ, काळा घेवडा आणि भाजीची केळी, तिखट तसं कमीच, तिथे हॅलापिनो मिरच्यांचा ढीग लावून काय करणार?

बोर्ड दोन्ही भाषांत ठेवा, कारण आजीला स्पॅनिश हवं आणि इथे जन्मलेली नातवंडं बऱ्याचदा इंग्लिशच झाडतात. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला खर्च अगदी लग्नासारखा होतो, ड्रेस, हॉल, केक, सगळं. आणि खेळणी २५ डिसेंबरनंतर लगेच गुंडाळू नका, बऱ्याच घरांत पोरांना गिफ्ट ६ जानेवारीलाही मिळतात.