छातीच्या पट्ट्याची टिचबटणं जपा
रंकाळ्यावर पळून आलात की हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावरून सेन्सर लगेच काढा. ओल्या पट्ट्यावर तो तसाच राहिला तर दोन टिचबटणांमध्ये घामातून प्रवाह वाहत राहतो. सेल उतरतोच, शिवाय बटणांचा मुलामा खाल्ला जाऊन हिरवट थर चढतो. मग आकडे मध्येच उडतात आणि दोष विनाकारण सेन्सरला जातो. काढताना हिसका नको, बटणाच्या कडेशी नख घाला. ओढाताणीत बटणामागचं वाहक कापड फाटतं, ते पुन्हा जोडणं फार अवघड.

पट्टा साध्या पाण्यात खळबळून घ्या. सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर इलेक्ट्रोडवर, म्हणजे पट्ट्याच्या त्वचेला टेकणाऱ्या वाहक भागावर बसतो. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून पंख्याखाली सपाट पसरा. हिरवा थर दिसलाच तर ओल्या, मऊ टूथब्रशने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावलात तर उरलासुरला मुलामाही जाईल.

तरीही आकडे उडतात? मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विद्युतरोध मोजण्यावर ठेवा. एक टोक बटणाला, दुसरं त्याच बाजूच्या इलेक्ट्रोडला लावून पट्टा हळू वाकवा. वाकवताना वाचन उड्या मारत असेल तर आतला वाहक मार्ग तुटलाय. फक्त पट्टा बदला, पण घेण्याआधी बटणांमधलं अंतर मोजून न्या.