जोडीदार गेल्यावर मिळकत नावावर करताना टॅक्सचं काय करायचं

दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावरून घरी आलो आणि त्याच संध्याकाळी एक नातेवाईक म्हणाले, "यांचं सगळं तुझ्या नावावर झालं की आता त्यावर तीस टक्के टॅक्स बसणार, आधीच सोय बघ." मी रात्रभर झोपले नाही. आणि ते साफ चुकीचं होतं. आपल्याकडे वारसा कर नाही, जी इस्टेट ड्युटी होती ती 1985 मध्ये बंद झाली. वारसाने किंवा मृत्युपत्राने आलेली एफडी, घर, सोनं, शेअर्स हे तुमचं उत्पन्न धरत नाहीत, किती का असेना. विम्याचा क्लेम, पीपीएफ, पीएफ, ग्रॅच्युइटी यांवरही टॅक्स नाही. टॅक्स लागतो तो नंतर त्या मिळकतीतून जे उत्पन्न येतं त्याला, म्हणजे व्याज, भाडं, डिव्हिडंड, आणि पुढे कधी विकली तर नफ्याला. एवढं डोक्यात पक्कं ठेवा म्हणजे भेटायला येणाऱ्यांचे निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात.

आमचे हे नोव्हेंबर 2021 मध्ये गेले. त्यानंतर नात्यातली आणि इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीतली मिळून नऊ घरं झाली ज्यांच्याबरोबर बसून मी हे काम केलंय, त्यातले दोघे बायको गेलेले पुरुष होते. नवरा असो की बायको, क्रम तोच.

मृत्यूचा दाखला महापालिकेतून घ्या, दहा प्रती घ्या, नावाचं स्पेलिंग पॅन आणि आधारशी तिथेच ताडून बघा.

कोणकोणत्या बँकेत, पोस्टात, पतपेढीत काय आहे त्याची वहीत यादी करा. ज्या खात्यांना नॉमिनी आहे किंवा जॉइंट आहेत ती सोपी, क्लेम फॉर्म आणि दाखला दिला की होतं. एक सांगते, एटीएम कार्ड आणि पिन आहे म्हणून त्या खात्यातून पैसे काढत राहू नका. "सगळेच करतात" हा सल्ला मलाही मिळाला होता, पण खातेदार गेल्यानंतरच्या तारखांना पैसे निघालेले दिसले की बाकीच्या वारसांना काय उत्तर देणार?

नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे घरातल्यांना आधीच सांगून टाका. नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांची. शेअर्सच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर गेलेल्या नवऱ्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा असतो. म्हणजे सासूबाई आणि दोन मुलं असतील तर तुमचा चौथा भाग. सासूबाईंचा हिस्सा बहुतेक जण विसरतात आणि मग दोन-तीन वर्षांनी नणंद-दिरांशी कटकट सुरू होते. ज्यांना हिस्सा सोडायचाय त्यांच्याकडून रजिस्टर्ड हक्कसोड करून घ्या, तोंडी काही नको. मृत्युपत्र असेल आणि कोणी म्हणालं की प्रोबेट (कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब) करावंच लागतं, तर नाशिकमध्ये ते सक्तीचं नाही. नॉमिनीही नाही, मृत्युपत्रही नाही आणि रक्कम मोठी असेल तेव्हाच सीबीएस बस स्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात सक्सेशन सर्टिफिकेटसाठी, म्हणजे कोर्टाच्या वारस दाखल्यासाठी, जावं लागतं, त्याला वकील लागेल आणि महिने जातील हे धरून चाला.

आता ज्यात मी अडकले ते सांगते.

गेलेल्या माणसाचंही रिटर्न भरायचं असतं. आम्हाला ज्यांनी टॅक्सचा सल्ला दिला ते म्हणाले होते, "माणूसच गेला, आता कसलं रिटर्न?" मी ऐकलं. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाच्याच आठवड्यात यांच्या मोबाईलवर आयकर खात्याचा मेसेज आला, नाव यांचं, की तुमच्या नावावर टीडीएस (व्याज देतानाच बँक कापते तो टॅक्स) कापलेला दिसतोय पण रिटर्न दिसत नाही. तो मेसेज वाचताना काय वाटलं ते लिहू शकत नाही. शेवटी डिसेंबरमध्ये उशिराचं रिटर्न भरलं, 5,000 रुपये लेट फी गेली, आणि ते सगळं टाळता आलं असतं.

नियम असा आहे की ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवशी वर्षाचे दोन तुकडे होतात. 1 एप्रिलपासून त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, त्यांच्या रिटर्नमध्ये, जे वारस म्हणून तुम्ही भरता. दुसऱ्या दिवसापासून 31 मार्चपर्यंतचं उत्पन्न ज्याच्या वाट्याला आलं त्याच्या रिटर्नमध्ये. मुलांनी हिस्सा सोडला नसेल तर ते व्याज हिश्शाप्रमाणे त्यांचंही, सगळं तुमच्या डोक्यावर घेऊ नका. आणि कोणी एप्रिल ते जुलैमध्ये गेलं असेल तर आधीच्या पूर्ण वर्षाचं रिटर्नही बहुतेक राहिलेलंच असतं, म्हणजे त्यांची दोन रिटर्न, हे विसरू नका.

लोक म्हणतात, सगळं त्यांच्याच रिटर्नमध्ये टाकून मोकळे व्हा, मार्चपर्यंतचं. नका करू. एक तर ते चुकीचंय आणि बऱ्याचदा तोट्याचंही. गेलेल्या माणसाला वर्षाचे सातच महिने मिळाले तरी करमुक्त मर्यादा पूर्ण वर्षाची मिळते, तिचे तुकडे होत नाहीत. उरलेल्या महिन्यांचं उत्पन्न तुमच्याकडे आलं की त्यावर तुमची स्वतःची मर्यादा आणि तुमचा स्लॅब. आणि कोणी क्लबिंगची भीती घातली तर ऐकू नका. नवऱ्याने जिवंतपणी गिफ्ट दिलेल्या पैशांचं व्याज त्याच्या उत्पन्नात धरतात, वारसाने आलेल्याचं नाही.

खरी गाठ टीडीएसची. बँकेला तुम्ही कळवेपर्यंत बँक त्यांच्याच पॅनवर टीडीएस कापत राहते. समजा वर्षाचं एफडीचं व्याज 2,40,000 आणि त्यावर 24,000 टीडीएस, सगळा त्यांच्या पॅनवर. माणूस 14 नोव्हेंबरला गेला तर साधारण 1,50,000 व्याज त्यांचं आणि 90,000 वारसांचं, आणि टीडीएस पण तसाच वाटायचा, 15,000 आणि 9,000. हे दाखवायला त्यांचं रिटर्न आयटीआर 2 या फॉर्ममध्ये भरा, आयटीआर 1 मध्ये ती सोयच नाही. आयटीआर 2 च्या टीडीएसच्या तक्त्यात दुसऱ्या व्यक्तीचा पॅन टाकून तेवढं क्रेडिट तिच्याकडे देता येतं आणि मग तुमच्या रिटर्नमध्ये तेच क्रेडिट त्यांच्या पॅनचा उल्लेख करून घ्यायचं. दोन्हीकडचे आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत नाहीतर क्रेडिट अडकतं. याहून सोपं म्हणजे दाखला हातात आला की पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक बँकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मागताना एकच व्याजाचं सर्टिफिकेट मागू नका, दोन मागा, एक त्या तारखेपर्यंतचं आणि एक नंतरचं. काउंटरवर सांगतील की सिस्टिममध्ये निघत नाही. मॅनेजरला भेटा, मी प्रत्येक वेळी लेखी मागून मिळवलंय.

आयकर खात्याच्या पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करायची. स्वतःच्या लॉगिनने जा, ऑथराइज्ड पार्टनर्समध्ये रजिस्टर अ‍ॅज रिप्रेझेंटेटिव्ह, त्यात डिसीज्ड लीगल एअर निवडा. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो, इंडेम्निटी लेटर म्हणजे हमीपत्र ऐच्छिक आहे. पुराव्यासाठी कोर्टाचाच कागद लागतो असं सांगून घाबरवतात, तसं नाहीये. सरकारने दिलेलं फॅमिली पेन्शनचं सर्टिफिकेट चालतं, म्हणून सरकारी पेन्शनरांच्या घरी हे पटकन होतं. नाहीतर नॉमिनीचं किंवा जॉइंट होल्डरचं नाव असलेलं बँकेचं पत्र, किंवा रजिस्टर्ड मृत्युपत्र. गडकरी चौकातल्या आयकर ऑफिसला चकरा मारायची गरज पडत नाही.

आणि हे मी हात जोडून सांगते, त्यांचा पासवर्ड माहितीये, सिम चालू आहे, म्हणून त्यांच्या लॉगिनमधून त्यांच्या आधार ओटीपीने रिटर्न भरू नका. गेलेल्या माणसाची मृत्यूनंतरच्या तारखेची सही झाली ती. मला दोन ठिकाणी हे निस्तरावं लागलंय.

काही टॅक्स निघालाच तर तुमची जबाबदारी तुम्हाला आलेल्या मिळकतीच्या किमतीपुरतीच. रिफंड येईपर्यंत जॉइंट खातं बंद करू नका आणि पॅन सरेंडर तर सगळं संपल्यावरच.

फॅमिली पेन्शन तुमच्या उत्पन्नात येते, त्यातून जुन्या करपद्धतीत एक तृतीयांश किंवा 15,000 यातलं कमी ते वजा, नव्या पद्धतीत 15,000 च्या जागी 25,000. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, म्हणून नंबर मुद्दाम लिहीत नाही.

घर किंवा प्लॉट विकायचा असेल तर खरेदीची किंमत त्यांचीच धरतात, तुमच्या नावावर झाली त्या दिवसाची नाही, आणि किती वर्षं ठेवलं तेही त्यांच्या खरेदीपासून मोजतात. त्यामुळे जुनं खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसचा उतारा) जिवापाड सांभाळा. 1 एप्रिल 2001 च्या आधीची खरेदी असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत घेता येते, पण तेव्हाच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, जास्त नाही, रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून रिपोर्ट घ्या.

शेती असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद तीन महिन्यांत द्या. आणि "शेतजमीन विकली तर टॅक्स नाही" हे आपल्याकडे सरसकट खरं नाही. नाशिकची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे, म्हणून महापालिका हद्दीतली जमीन आणि हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरतात आणि नफ्यावर टॅक्स लागतो. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी तर हद्दीतच आहेत. बाहेरची असेल तर इसार घ्यायच्या आधी अंतर मोजून घ्या, रस्त्याने नाही, हवाई.