बाळाला कुठे आणि कसं झोपवायचं? या चुका टाळा

"कुशीत झोपवायची सवय लावलीस ना, आता पोरगं कायम पदराला चिकटून राहणार" असं घरोघरी ऐकवतात आणि मग ती बाई रात्री बाळाला जवळ घेतानापण घाबरते. हे टेन्शन आधी सोडा. कॅलिफोर्नियात २०५ कुटुंबांतली मुलं पार १८ वर्षांची होईपर्यंत अभ्यासली, २००२ मध्ये निष्कर्ष आले, आईबाबांजवळ झोपल्यामुळे पुढे नुकसान झालं असं काही दिसलं नाही. ब्रिटनमध्येही १६ हजारांवर मुलांचं पाहिलं, नवव्या महिन्यात जवळ झोपण्याचा अकराव्या वर्षीच्या भित्रेपणाशी की मारकुटेपणाशी संबंध निघाला नाही. आणि पाळणा वेगळा लावला म्हणून मायाही तुटत नाही.

खरी काळजी घ्यायची ती पहिल्या सहा महिन्यांत, अंथरुणाची. बाळ आईच्या खोलीत, पण स्वतःच्या सपाट, कडक गादीवर, उताणं. अमेरिकेत १९९४ पासून उताणं झोपवायची मोहीम चालवली तेव्हा झोपेत अचानक दगावणारी बाळं काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली.

आपल्याकडची मोठी चूक म्हणजे मोहरीची उशी. डोकं गोल होईल म्हणून ठेवतात, पण वर्षाच्या आत उशीच नको, कुठलीच. डोकं चपटं होतं ते सारखं एकाच कुशीला वळून, कारण बाळ उजेडाकडे किंवा आईकडेच बघत राहतं, म्हणून आज डोकं ज्या बाजूला, उद्या त्या बाजूला पाय करा, आणि जागं असताना समोर बसून पोटावर खेळवा.

साडीच्या झोळीत बाळ गोल होतं, हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो, म्हणून झोप लागली की उचलून गादीवर ठेवा. ठेवल्यावर लगेच उठतं? मूठ सैल पडेपर्यंत थांबा, आधी कुल्ले टेकवा, मग डोकं, आणि छातीवर हात थोडा वेळ राहू द्या.

झोपताना कानटोपी नको, जाड गोधडी नको, गळ्यात काळा दोरा तर अजिबातच नको.

घरात कुणी सिगरेट ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मतः अडीच किलोच्या आतलं असेल तर एका बिछान्यात घेऊच नका. आणि रात्री दूध पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावर बसू नका हो, तिथे बाळ फटीत अडकतं, त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला सारून पलंगावरच पाजा आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागेवर ठेवा.