चौथी नस शोधताना

कापूस वेचणीच्या दिवसांत एक काकू आल्या. उजवीकडची खालची पहिली दाढ, मीच दोन महिन्यांपूर्वी आरसीटी (रूट कॅनल) करून तीन कॅनल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या नळ्या, भरलेले. "डॉक्टर, थंड पानी पेलं का झोंबते बाप्पा अजून." आजूबाजूच्या दाढा तपासल्या, त्या ठणठणीत. भरलेल्या दाढेला थंड झोंबतं म्हणजे आत कुठंतरी जिवंत नस राहिली. चूक माझीच होती: एक्स-रे फक्त सरळ घेतला होता.

सरळ एक्स-रेत मुळं एकमेकांच्या आड लपतात. म्हणून दुसरा घ्या, एक्स-रेच्या नळीचा कोन सुमारे 20 अंश पुढं सरकवून. कोन ज्या बाजूला नेता, जिभेकडचं मूळ त्याच बाजूला सरकतं, गालाकडचं उलट. काकूंच्या दाढेत मागच्या मुळाची कड दुहेरी दिसली. जिभेकडं एक जास्तीचं बारीक मूळ होतं, रॅडिक्स एन्टोमोलॅरिस.

रबर डॅम (दाढेभोवतीचा रबराचा पडदा) लावून दाढ पुन्हा उघडली. नेहमीचा त्रिकोणी खड्डा मागं जिभेच्या बाजूला वाढवून चौकोनी केला. आता बर (ड्रिलचं टोक) बाजूला ठेवा आणि नुसतं बघा. चेंबरचा, म्हणजे दाढेतल्या नसेच्या पोकळीचा, तळ भिंतींपेक्षा काळसर असतो. त्यावर गडद रेघा असतात, आपल्याकडच्या पांदणीसारख्या. पांदण धुऱ्याला लागते तसं कॅनलचं तोंडही तळ आणि भिंत मिळते त्या काठावरच असतं, तळाच्या मधोमध शोधू नका. शंका असेल तर चेंबरमध्ये सोडियम हायपोक्लोराइट (नस विरघळवणारं द्रव) भरून दोन मिनिटं थांबा. नस राहिली असेल तिथून बारीक बुडबुडे येतात. लूप्स (भिंगाचा चष्मा) लावले तरच दिसतात हो, नुसत्या डोळ्यांनी मला तरी कधी दिसले नाहीत.

खर्रा (सुपारी-तंबाखू) खाणाऱ्यांच्या दाढा मात्र वेगळ्या. सुपारी चावून वरचा भाग सपाट होतो, आत डेंटीन (इनॅमलखालचा दाताचा थर) साचत जातं आणि चेंबरचं छत तळाला टेकायला येतं. छत फोडून बर पोकळीत 'पडल्याचं' हाताला जाणवतच नाही, आणि आपण सरळ तळाला भोक पाडतो. आधी एक्स-रेवर खोली मोजून बरवर खूण करा. तळ साधारण हिरडीजवळच्या, इनॅमल संपतं त्या रेषेच्या पातळीवर असतो.

सापडलेल्या तोंडात रोटरी (मोटरवर फिरणारी फाईल) घालू नका. या मुळाचं टोक बहुधा गालाकडं वळलेलं असतं, आणि ते वळण एक्स-रेत दिसत नाही. 8 नंबरच्या के-फाईलचं (हातानं फिरवायच्या बारीक कानशीचं) टोक दोन-तीन मिलिमीटर वाकवा, स्टॉपरवर (फाईलवरच्या रबरी चकतीवर) वळणाच्या बाजूची खूण ठेवा, आणि ईडीटीए जेल (कॅनलमधलं कॅल्शियम मऊ करणारं) लावून घड्याळाची चावी देतात तशी अलगद मागं-पुढं फिरवा. मग 10, मग 15. काकूंच्या दाढेत 8 नंबर उतरायला पाऊण तास गेला, त्यात एकदा लाईटही गेली.

तासाभरात सापडलं नाही तर खोदत बसू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून तात्पुरतं बंद करा आणि सीबीसीटीला (दातांच्या 3डी स्कॅनला) पाठवा. चिठ्ठीवर 'छोटं फील्ड, फक्त ही दाढ' असं स्पष्ट लिहा. नाहीतर पूर्ण जबड्याचा स्कॅन काढून आणतात, आणि पेशंटचे पैसे व रेडिएशन दोन्ही वाढतात.