कोरस चढेना तेव्हा

पॉवर पॉप ऐकायला सोपं वाटतं आणि आम्ही तिथेच फसलो. तीन मिनिटांचं गाणं, खणखणीत गिटार, कोरसला सगळे मिळून गाणार, यात अवघड ते काय? ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडनं 1967 मध्ये आपल्या बँडच्या संगीताला हा शब्द वापरला होता. त्यातला ‘पॉवर’ कुठून येतो, हे आम्हाला स्टुडिओचं भाडं चालू असताना कळलं.

पहिला रेकॉर्ड स्वतःच्या पैशांनी काढायचा, म्हणून सहाच दिवस घेतले होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकच गाणं घासत बसलो. कडवं छान, पण कोरस काही चढेना. गिटारचे अजून दोन थर घातले, ड्रमरनं झांजा बडवल्या, तरी गायक आपला पुटपुटतोय असंच वाटे. कारण अगदी साधं होतं. गाणं रचलं होतं रात्री, घरचे झोपलेले असताना, दबक्या आवाजात. साहजिकच पट्टी खालची धरली गेली होती. शेवटी पांढरी एकवरून पांढरी दोनवर गेलो. गिटारला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला, बेसवाल्यानं कुरकुरत सगळं नव्यानं बसवलं. आता वरच्या स्वराला गायकाचा गळा ताणला जात होता, आणि त्या ताणानंच कोरस उभा राहिला.

म्हणून सांगतो, पट्टी आणि लय तालमीतच ठरवा. खोलीच्या मधोमध मोबाइल ठेवून अख्खं गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको. त्या रात्री सगळंच भारी वाटतं. कोरसमध्ये तुमची लय पळते का ते बघा. थोडी पळाली तर मला चालते. मात्र क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर, वाजवायचं असेल तर महिनाभर आधीपासून सवय हवी, नाहीतर ड्रमर वाजवण्याऐवजी मोजत बसतो.

हार्मनीला मात्र वेळ द्या, तिथे कंजुषी नको. आमच्या एका ओळीचा शेवट ‘स’ या अक्षरावर होता. तिघे गायचे आणि तीन ‘स’ वेगवेगळ्या क्षणी पडायचे, फुग्यातली हवा सोडल्यासारखे. सुरात चूक नव्हती, तरी ओळ गबाळी वाटे. रेकॉर्डिस्टनं सांगितलं, ‘स’ फक्त मुख्य गायकानं म्हणायचा, बाकीच्यांनी शब्द अर्धवट सोडायचा. दहा मिनिटांत ओळ स्वच्छ झाली. श्वास कुठे घ्यायचा तेही ठरवून घ्या. तोच आवाज दोनदा रेकॉर्ड करून जाड करायचा असेल, तर दुसऱ्या खेपेला नवी हरकत सुचली तरी गिळून टाका.

व्हिनाइल काढणार असाल तर गाण्यांचा क्रम नुसता मूड बघून लावू नका. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं ठीक. त्याहून बरंच जास्त कोंबलं की आवाजाची पातळी खाली आणावी लागते. शिवाय सुई मध्याकडे सरकते तसा प्रत्येक फेऱ्याला खाचेची लांबी कमी मिळते, आणि तीक्ष्ण आवाज तिथे फाटतात. आम्ही पहिल्या बाजूच्या शेवटी टॅम्बरिननं भरलेलं गाणं ठेवलं होतं. चाचणीची तबकडी आली, तर कुणीतरी कागद चुरगाळतंय असा आवाज! क्रम बदलून कटिंग, म्हणजे मूळ तबकडीवर खाच कोरणं, पुन्हा करावं लागलं आणि पोस्टरचे पैसे त्यात गेले. बाजूच्या शेवटी संथ, मऊ गाणं ठेवणं सगळ्यात सुरक्षित.

रेकॉर्ड तयार होणं आणि लोकांपर्यंत पोचणं वेगळं. बिग स्टार या अमेरिकी पॉवर पॉप बँडचा 1972 चा पहिला रेकॉर्ड समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरण ढिसाळ निघालं आणि दुकानांत तो मिळेचना. आता दुकानांची अडचण तेवढी नाही, तरी स्ट्रीमिंगवर टाकायची फाइल, कव्हर आणि प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा, अक्षरं आणि आकडे मिळून बारा चिन्हांचा) काही आठवडे आधी हातात असू द्या.

आणि हक्कांचा कागद. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाला किती टक्के, हे पहिला टेक घेण्याआधी लिहून सह्या करा. आम्ही ते रेकॉर्ड हातात आल्यावर करायला बसलो. ज्या गाण्याची ओळख ड्रमच्या एका तुकड्यावर उभी आहे, त्यात ड्रमरच्या नावापुढे आम्ही शून्य लिहिलं होतं. त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि काही न बोलता स्टिक्स पिशवीत भरल्या.