कीबोर्डचा गंधार हलवताय? या चुका टाळा

कानबाईच्या उत्सवाची रात्र, धुळ्याजवळचं एक गाव. पहिली दोन गाणी कीबोर्ड गोड वाजला. तिसऱ्याला गायक बदलला, सा पांढरी एकवरून (सी) काळी एकवर (सी शार्प) गेला, गाणं कोमल गंधाराचं. समोरून एका आजोबांनी विचारलं, ‘पेटी येडी व्हयी गयी का रे भाऊ?’

पेटी शहाणीच होती. येडा मी.

सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. कीबोर्डवर सप्तकाचे १२०० सेंट बारा पट्ट्यांत सारखे वाटलेले असतात. शुद्ध गंधार ४०० वर पडतो, पण तानपुऱ्याशी जुळणारा गंधार ३८६ वर असतो. म्हणून ‘स्केल ट्यून’मध्ये, म्हणजे एकेक स्वर वेगळा चढवा-उतरवायच्या सेटिंगमध्ये, सा पांढरी एक धरून ई ही गंधाराची पट्टी १४ सेंट उतरवायची, धैवत १६, निषाद १२. रे ४ चढतो, पंचम २; हे दोन नाही केले तरी कुणी उठून जात नाही. घोळ असा की यंत्राला गंधार कळत नाही, फक्त ई कळते. सा काळी एकवर नेला की तीच ई कोमल गंधार होते. तिला १६ चढ हवा, माझी १४ उतरलेली. फरक ३० सेंटचा! आजोबांना ऐकू येणारच. सा बदलला की आकडेही नव्याने लावा. ट्रान्सपोज (बोटं तीच ठेवून सा सरकवायची सोय) वापरत असाल तर ते आकडे सोबत सरकतात की नाही, हे घरीच तानपुरा लावून तपासा.

या सेटिंगवर ऑटो कॉर्ड (साथीला आपोआप वाजणारे स्वरसमूह) चालू ठेवू नका. रे आणि धैवतात आता ६८० सेंट उरतात, हवे असतात ७०२. हे दोन्ही स्वर असलेला डी मायनर कॉर्ड वाजवला की दात आंबतात. जोडीला हार्मोनियम असेल तर ती बहुधा समान स्वरांतच लावलेली असते, मग दोन गंधार एकत्र दाबून धरले की सेकंदाला दोन-तीन हेलकावे ऐकू येतात. तिथे स्केल ट्यून बंदच बरं. आणि हार्मोनियम सगळीच चढी असेल तर एकेक स्वर खेचत बसू नका, त्याला सगळे स्वर एकदम सरकवणारा मास्टर ट्यून आहे.

स्वर लावताना पियानोचा आवाज घेऊ नका, तो लगेच विरतो. साधा ऑर्गन घ्या, कोरस आणि व्हायब्रेटो बंद.

शेवटी हे आकडे रजिस्ट्रेशनमध्ये (कीबोर्डची सेटिंग साठवायची जागा) सेव्ह करा. बऱ्याच कीबोर्डवर वीज गेली की हे आकडे शून्यावर येतात, आणि आपल्याकडे वीज नेमकी कधी जाते ते सांगायला नको.