शोरूममध्ये डिटेलिंगच्या कामाला जाण्याआधी: बाटल्या नंतर, आधी लायसन्स

दोन बादल्या, शॅम्पू, टॉवेल यांबद्दल मी काही सांगणार नाही. घरच्या गाडीवर दोन-तीन वर्षं हात फिरवलेल्याला ते येतंच. बेळगावात खानापूर रोडवरच्या नाहीतर निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या शोरूममध्ये डिटेलर, म्हणजे गाड्यांची बारकाईनं सफाई-पॉलिश करणारा म्हणून विचारायला जाणार असाल, तर सगळ्यात आधी पाकीट उघडा आणि लायसन्स बघा. आत्ता बघा, मग पुढं वाचा. मागच्या खेपेला मी केमिकलच्या बाटल्या लेबलं लावून नेल्या होत्या आणि हेच बघितलं नव्हतं.

कारण सरळ आहे. शोरूममध्ये गाडी तुमच्याकडं चालत येत नाही. यार्डातून वॉशिंगला, तिथून तपासणीला, तिथून डिलिव्हरीच्या जागेवर, अशा दिवसाला दहा-पंधरा गाड्या तुम्हीच हलवायच्या. ट्रायलला, म्हणजे काम करून दाखवायला बोलावतात तेव्हा, पहिली वस्तू हातात येते ती किल्ली. लायसन्स नसलेल्याच्या हातून गाडी खांबाला घासली तर विमा कंपनी हात वर करते, म्हणून मॅनेजर आधीच नको म्हणतो. तुमचं पॉलिशिंग कितीही चांगलं असो, तो बघायलाच थांबत नाही.

कार्डावर दोन गोष्टी बघायच्या. पहिली, एलएमव्ही (हलकं वाहन, म्हणजे कार) लिहिलंय का. नुसतं एमसीडब्ल्यूजी असेल तर ते मोटारसायकलचं. आपल्याकडं कितीतरी पोरं त्यावरच वर्षानुवर्षं कार चालवतात. दुसरी, तारीख. वीस वर्षांसाठी म्हणून काढलेलं जुनं लायसन्स गुपचूप संपतं, कुणी फोन करून सांगत नाही. मुदत संपल्यावर मिळणारी ३० दिवसांची सूट २०१९ च्या दुरुस्तीत गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. एलएमव्ही नवीन काढायचं असेल तर लर्निंग मिळाल्यावर किमान ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे दसऱ्याच्या गर्दीआधी कामाला लागायचंय तर पावसाळ्यातच हालचाल करा. चंदगड-गडहिंग्लजहून येणाऱ्यांनी घाबरू नये, महाराष्ट्राचं लायसन्स कर्नाटकात चालतं. लर्निंग लायसन्स मात्र दाखवायलासुद्धा खिशातून काढू नका.

लायसन्स असूनही हात अडतो तो गाडी मागं घेताना. ओल्या रॅम्पवर चढवणं, दोन नव्या गाड्यांमधून आरशावर बघत मागं घेणं, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून स्टार्टचं बटण मारणं, इलेक्ट्रिक हँडब्रेक सोडणं, याचा सराव मित्रांच्या गाड्यांवर करा. धुतल्यावर ब्रेक ओले असतात, पहिल्या दहा फुटांत हलका दाबून बघायचा. नोंदणी न झालेली गाडी गेटबाहेर काढायची नाही, कुणी कितीही ‘जरा कोपऱ्यापर्यंत’ म्हणू दे.

आता वेळ. छंदात एका गाडीला अख्खा रविवार जातो, इथं साधारण पाऊण तास. घरी मोबाईलवर टायमर लावून बसवा: पाण्यानं धूळ काढणं ५ मिनिटं, फोम ५, हातानं धुणं १०, पुसणं ८, आतला व्हॅक्यूम १२, काचा ५, टायर ३. झाली ४८. फोम उन्हात वाळू द्यायचा नाही, वाळला की डाग तोच पाडतो. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या गाडीवर थेंब वाळायच्या आत टॉवेल फिरला पाहिजे. म्हणून छप्पर आणि बॉनेट आधी, दरवाजे नंतर.

माती ओळखा, कारण ट्रायलला आलेली गाडी कुठून आली ते तीच सांगते. जांबोटी-चोर्ल्याकडून आलेल्या गाडीची लाल माती चाकाच्या कमानीत आणि दरवाजाच्या खालच्या रबरात बसते. आधी भरपूर पाणी, मग हात. कोरडं पुसलंत तर ती सँडपेपरचं काम करते. चिकोडीकडची काळी माती चिकट, ती भिजवून पाच मिनिटं सोडावी लागते. उद्यमबाग-मच्छे भागात उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी बारीक ठिपके दिसतात. तो गंज गाडीचा नाही, फौंड्रीतल्या लोखंडाच्या कणांचा. त्यावर आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण सोडवणारं केमिकल), सावलीत, थंड पत्र्यावर. जांभळा झाला की वाळायच्या आत धुवायचा, मगच क्ले (पेंटवरचे कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी). आधीच क्ले घासलात तर कण क्लेमध्ये अडकून पेंटभर रेघा उठतात. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर, नखं नकोत.

पॉलिशिंगमध्ये शहाणपण दाखवायचं ते पेंटची जाडी मोजायचा मीटर लावून. कंपनीचा पेंट साधारण ९० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), छोट्या गाड्यांवर कधी त्याहून कमी. त्यातला वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ३५ ते ५०. एक दमदार कंपाउंड (घासून रेघा काढणारं पॉलिश) दोन-चार मायक्रॉन नेतं, आणि ते परत येत नाहीत. २०० च्या वर आकडा दिसला तर तो भाग पुन्हा रंगवलेला समजा, ५०० च्या वर आत पुट्टी. प्लास्टिकच्या बंपरवर साधा मीटर काही दाखवत नाही, तिथं उगाच आकडा सांगून हसं करून घेऊ नका. आधी दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यावर करून बघा, सगळ्यात मऊ पॅड, ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरता फिरता डुलतं ते). रोटरी (पॅड नुसतं गोल फिरवणारी मशीन) येत असली तरी ट्रायलला हात लावू नका, तिच्या भोवऱ्यासारख्या खुणा शोरूमच्या दिव्यात नाही दिसल्या तरी दसऱ्याच्या उन्हात हार घातलेल्या बॉनेटवर दिसतातच. आणि कोऱ्या गाडीला गरज नसताना पॉलिश करायचंच नाही.

सिलिकॉनबद्दल कुणी सांगत नाही. घरची टायर चमकवायची स्वस्त बाटली बहुतेक वेळा सिलिकॉनचीच. बॉडी शॉप शेजारी असेल तर तिचा फवारा हवेतून रंगाच्या पॅनेलवर बसतो आणि नव्या पेंटमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग पेंटर तुम्हाला शोधत येतो. स्वतःचं केमिकल नेऊ नका, त्यांचं काय आहे ते विचारा. प्रमाण मात्र पाठ असू द्या: एपीसी (सगळीकडं चालणारा क्लीनर) आतल्या प्लास्टिकला १:१०, टायरला १:४. ज्या स्प्रे बाटलीवर नाव लिहिलेलं नाही ती वापरायची नाही, मग ती कुणीही दिलेली असो.

प्रेशर वॉशर इंजिनवर मारायचा नाही, ओला ब्रश आणि फडकं पुरे. फ्यूज बॉक्स आणि अल्टरनेटर झाकून. नारिंगी केबल दिसली तर गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक, बोटसुद्धा लावू नका. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल उतरवा. गाडीला हात लावायच्या आधी चारही बाजूंचे ओरखडे फोटोत घ्या आणि ॲडव्हायझरला (गाडीचं काम लिहून घेणाऱ्याला) दाखवा, नाहीतर संध्याकाळी ते तुमचे.

कन्नड अगदी येत नसेल तरी ‘गाडी यावाग रेडी आगतैति?’ (गाडी कधी तयार होते?) एवढं कळलं पाहिजे, आणि ‘स्वल्प तडीरि’ (जरा थांबा) म्हणता आलं पाहिजे. ॲडव्हायझर जॉब कार्डावर जे लिहितो ते समजलं नाही तर विचारा, अंदाजानं सीट धुऊ नका. पावसाळ्यात धुतलेलं सीट वाळायला दोन दिवस लागतात आणि वास राहतो तो वेगळाच.

आधीच्या कामाचे फोटो सहा पुरेत. एकाच उजेडात, आधी आणि नंतर, नंबर प्लेट झाकून. आधार, पॅन, बँक पासबुकची झेरॉक्स, फोटो. लायसन्सची झेरॉक्स आणि मूळ कार्ड, दोन्ही. डिजिलॉकरमध्ये असलं तरी कार्ड न्या, शेडमध्ये रेंज नसते.

पगाराआधी विचारायचं: कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरकडं, पीएफ-ईएसआय कापणार का, सुट्टी कुठल्या वारी, आणि गाडीला काही लागलं तर पैसे कुणाच्या खिशातून. शेवटचं उत्तर तोंडी घेऊ नका.

बूट रबरी तळव्याचे.